बंधारा काढणे : पाप की पूर्त?

ओढ्यावरचा छोटा बंधारा काढून प्रवाह पूर्ववत वाहू द्यायचा, हा उपाय गेल्या तीस वर्षांत जगाच्या अनेक भागांत रूढ झाला आहे. गाळाने भरलेला, गळका किंवा निरुपयोगी बांध उतरवला की पाण्याबरोबर वाळू-गोटे पुन्हा सरकू लागतात आणि माशांना वरच्या अंगाला जाण्याची वाट मिळते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम फार अवघड नसते. त्यामागचा धर्माचा प्रश्न मात्र अवघड आहे. जलाशय बांधणे भारतीय परंपरेत पुण्यकर्म मानले जाते आणि तो फोडणे अपराध. मग निकामी बंधारा काढणाऱ्याच्या पदरी काय पडते? आणि माणसाच्या तहानेपुढे माशाच्या वाटेला किती वजन द्यायचे?

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातले ईट हे गाव या प्रश्नाची कसोटी पाहणाऱ्या मुलखात आहे. बालाघाटच्या डोंगररांगेने येथे पाणी वाटून दिले आहे. या भागातले काही ओढे मांजरेला मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जातात, तर काही सीनेमार्गे भीमेला मिळतात. पर्जन्यछायेचा हा प्रदेश असल्याने पाऊस कमी, तोही लहरी. बहुतेक ओढे उन्हाळ्याआधीच आटतात. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या काळात मराठवाड्यात गावोगाव नालाबंडिंगची आणि पाझर तलावांची कामे निघाली. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने त्यांत आणखी भर घातली. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात ‘बंधारा काढा’ हे शब्द अभद्र वाटले तर नवल नाही. पाणी मुबलक असलेल्या देशात बंधारा काढण्याचे तत्त्व सहज पटते. त्याची खरी परीक्षा टंचाईच्या प्रदेशातच होते.

बंधाऱ्याने ओढ्याचे काय होते

बंधारा पाणी अडवतो तसाच गाळही अडवतो. डोंगरउतारावरून आलेली माती, वाळू आणि गोटे भिंतीमागे साचतात. वरच्या बाजूला खडबडीत तळाच्या जागी मऊ चिखलाचा थर बसतो. खालच्या बाजूला वाळू येईनाशी होते, म्हणून पुराचे पाणी काठ आणि तळ खरवडत जाते. साठलेले पाणी उन्हाने तापते. त्यात कुजणारा पालापाचोळा प्राणवायू खातो, आणि तळाशी प्राणवायू कमी पडू लागतो.

माशांच्या दृष्टीने मुख्य बदल दोन. पहिला वाटेचा. दख्खनच्या ओढ्यांतले अनेक मासे पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या उलट्या दिशेने चढतात आणि उथळ, वाहत्या, खडकाळ पाण्यात अंडी घालतात. चढणीचे मासे म्हणून गावकरी त्यांना ओळखतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. दोन-तीन मीटर उंचीची उभी भिंतही त्यांना ओलांडता येत नाही. दुसरा बदल वस्तीचा. खडकाला चिकटून शेवाळ खाणारा मळ्या, गोट्यांच्या फटीत राहणारी मुरी असे वाहत्या पाण्याचे मासे साठवणीच्या पाण्यात मागे पडतात आणि चिलापीसारखे बाहेरून आणलेले, संथ पाण्यात फोफावणारे मासे त्यांची जागा घेतात.

लांबच्या प्रवासाची वाट तर केव्हाच तुटली आहे. गोड्या पाण्यात वाढून अंडी घालण्यासाठी समुद्रात जाणारा अहीर मासा मांजरेच्या उगमाकडून निघाला, तर त्याच्या वाटेत धनेगावचे मांजरा धरण, तेलंगणातील निजामसागर आणि गोदावरीवरची मोठी धरणे येतात. एखाद्या ओढ्यावरचा बंधारा काढल्याने बंगालच्या उपसागराचा रस्ता खुला होत नाही. खुला होतो तो त्या ओढ्याचा काही किलोमीटरचा पट्टा. लहान माशांचे जीवनचक्र तेवढ्या पट्ट्यातही पुरे होऊ शकते, म्हणून त्याचे मोल कमी नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. चांगल्या स्थितीतल्या बंधाऱ्यातून पाणी जमिनीत मुरते, खालच्या विहिरींना पाझर मिळतो, गुराढोरांना उन्हाळ्यात पाणी राहते. कधी कधी हाच बांध चिलापीला वर जाऊ देत नाही आणि वरच्या अंगाचे देशी मासे वाचवतो. बारीक गाळाचा थर बसल्यावर मात्र मुरण्याचा वेग घटतो, आणि साठवण भरून आल्यावर बंधाऱ्याची नुसती भिंत उरते. या लेखातला प्रश्न अशाच बंधाऱ्यांचा आहे.

जगातील अनुभव

अमेरिकेत मेन राज्यातील केनेबेक नदीवरचा १८३७ सालचा एडवर्ड्‌स बांध १९९९ मध्ये काढला गेला आणि तेव्हापासून या विषयाला सार्वजनिक चर्चेत जागा मिळाली. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात उतरवली गेली. तेथील क्लॅलम या आदिवासी समाजाच्या श्रद्धेनुसार माणसाची निर्मिती ज्या जागी झाली, ती जागा जवळजवळ शतकभर जलाशयाखाली होती. पाणी उतरल्यावर ती पुन्हा उघडी पडली. नदी परत मिळणे म्हणजे तीर्थ परत मिळणे, असा या घटनेचा अर्थ त्या समाजाने लावला. कॅलिफोर्निया आणि ओरेगन यांच्या सीमेवरील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३–२४ मध्ये काढण्यात आली, आणि २०२४ च्या शरद ऋतूतच सॅमन मासे धरणांच्या जागेपलीकडे पोचलेले दिसले. जपानमध्ये कुमा नदीवरचे आरासे धरण २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने उतरवले गेले. युरोपात एकट्या २०२३ साली ४८७ अडथळे नद्यांतून काढले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य लहान बांध होते.

हे सारे देश बारमाही नद्यांचे आहेत, त्यामुळे त्यांचा निर्णय ईटच्या ओढ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. त्या देशांनी निर्णयाआधी विचारलेला प्रश्न मात्र येथेही विचारावा लागतो : हा बांध आज कोणाच्या उपयोगाचा आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो?

पूर्तधर्माची कसोटी

धर्मशास्त्राने सत्कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नदान. यज्ञाचा अधिकार मर्यादित होता; पूर्ताचा अधिकार शूद्रांनाही मान्य केलेला होता. म्हणून समाजाच्या सर्व थरांतून पाण्याची कामे उभी राहिली आणि तळे बांधणाऱ्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले. बंधाऱ्याविषयीचा आजचा आदर याच संस्कारातून आला आहे.

मात्र पूर्ताचे पुण्य बांधकाम पुरे झाल्याने लाभत नाही. त्यासाठी उत्सर्ग नावाचा विधी सांगितला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीची सविस्तर चर्चा आहे. बांधणारा त्या पाण्यावरचा आपला हक्क सोडतो आणि ते सर्व भूतांना अर्पण करतो. यानंतर तो स्वतः पाणी घेतो ते मालक म्हणून नव्हे, अनेकांतला एक म्हणून. मत्स्यपुराणातील तडागविधीत सोन्याचे कासव आणि मगर, चांदीचे मासे, तांब्याचे खेकडे व बेडूक करून ते पाण्यात सोडण्याचा भाग आहे. विधीच्या या तपशिलातून शास्त्रकारांची अपेक्षा स्पष्ट होते. जलाशय जलचरांसहच पुरा होतो, आणि ‘सर्व भूते’ या शब्दांत मासाही मोजलेला आहे.

दंडविधानही याच अंगाने वाचता येते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तळे फोडणाऱ्याला अत्यंत कडक शिक्षा सांगितली आहे, आणि लगेच पुढे तळ्याकडे येणारे पाणी तोडणाऱ्यालाही दंड सांगितला आहे. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नये अशांची यादी आहे. तिच्यात प्रवाह फोडणारा आणि प्रवाह अडवण्यात रमणारा हे दोघे शेजारी शेजारी बसवले आहेत. स्मृतिकाराला बांधणे आणि फोडणे यांपैकी एकच कर्म दोषी वाटत असते, तर ही जोडी झाली नसती. पाणी ज्यांच्यापर्यंत पोचायचे त्यांच्यापर्यंत ते पोचू न देणे, हा दोघांचा समान दोष आहे. मनुस्मृतीतील सामाजिक विषमता आजच्या समाजाने नाकारली आहे, आणि ते योग्यच झाले. प्रवाहाविषयीचा हा विचार तिच्यापासून वेगळा काढून पाहता येतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर सोडवला आहे. नवे तळे किंवा बांध बांधणाऱ्याला पाच वर्षे करमाफी आहे. पण बांध पाच वर्षे वापराविना पडून राहिला, तर आपत्तीचा काळ वगळता, त्यावरची मालकी संपते. नंतर बांधलेल्या खालच्या तळ्याने वरच्या तळ्यावर भिजणारे शेत बुडवू नये, आणि वरच्याने खालच्याचे पाणी तोडू नये, असेही नियम तेथे आहेत. मालकी वापराशी आणि निगेशी बांधलेली आहे. निगा सुटली की हक्क सुटतो.

या तिन्ही आधारांवरून एक निष्कर्ष निघतो. पूर्ताचे पुण्य दगड-सिमेंटात नसून जीवांना मिळणाऱ्या पाण्यात आहे. जो बंधारा माणसाला, गुराला, विहिरीला किंवा जलचराला काहीच देत नाही आणि प्रवाह मात्र अडवून धरतो, त्याच्यात रक्षण करण्याजोगे पूर्त उरलेले नसते. तो काढल्याने तळे फोडल्याचा दोष लागत नाही. उलट अडलेले पाणी सर्व भूतांना परत देणे हे उत्सर्गाच्याच जातीचे कर्म ठरते.

आपल्या हातांनी उभारलेली वस्तू आदराने उतरवण्याची रीतही परंपरेला परकी नाही. पूजेत आवाहनाइतकेच विसर्जनाला स्थान आहे. भाद्रपदात घरोघरी बसवलेली गणेशमूर्ती ठरल्या दिवशी पाण्यात सोडली जाते, आणि त्यात कोणाला मूर्तिभंग दिसत नाही. भंगलेली देवमूर्ती हलवण्याआधी तिच्यातले देवत्व विधिपूर्वक काढून घेण्याची पद्धत जीर्णोद्धाराच्या शास्त्रात आहे. घडवलेल्या वस्तूला आयुष्य असते आणि तिचे कार्य संपल्यावर तिला निरोप देणे हाही धर्म आहे, ही जाण या दोन्ही आचारांत आहे. बंधाऱ्यालाच ती लावू नये, असे सांगणारा कोणताही आधार सापडत नाही.

तीर्थ आणि वाहते पाणी

स्नानाच्या नियमांत मानवनिर्मित आणि निसर्गनिर्मित पाण्याचा भेद स्पष्ट आहे. नदी, निसर्गतः झालेले डोह, सरोवरे आणि झरे यांत स्नान करावे, असे मनुस्मृती सांगते. दुसऱ्याच्या तळ्यात स्नान करण्याची वेळ आलीच तर आधी चिखलाचे पाच गोळे बाहेर काढावेत, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे; गाळ काढण्याची सवय या नियमाने आपोआप लागत असे. नदी आपल्या वेगानेच शुद्ध होते, ही कल्पनाही याच परंपरेतली. प्रवाह हा तीर्थाचा गुण मानला, तर तो थांबवणारी प्रत्येक गोष्ट तीर्थाच्या विरोधात जाते. मग ती भाविकांच्या सोयीसाठी केलेली असली तरीही.

याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नाशिकला घडले. २००३ च्या सिंहस्थाआधी रामकुंड परिसरात गोदावरीचे पात्र काँक्रीटने झाकले गेले. हेतू भाविकांच्या सोयीचा होता. परंतु पात्रातील जुनी कुंडे त्याखाली गेली आणि त्यांतले जिवंत झरे बुजले. गंगापूर धरणातून पाणी सोडले की स्नान, एरवी साचलेले पाणी, अशी अवस्था आली. गोदाप्रेमी नागरिकांनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. पुढे २०२० मध्ये स्मार्ट सिटीच्या कामांत काही कुंडांवरचे काँक्रीट काढण्यास सुरुवात झाली. नाशिकचे काँक्रीट म्हणजे बंधारा नव्हे, पण तत्त्व तेच आहे. धर्मकार्यासाठी केलेले बांधकाम धर्माच्याच कारणासाठी काढायला घेतले गेले, आणि काढण्याची मागणी करणारे नदीला गंगा मानणारेच होते.

पंढरपूरची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. भीमेवर उजनी धरण झाल्यापासून आषाढी-कार्तिकीच्या स्नानासाठी चंद्रभागेत धरणातून पाणी सोडावे लागते. लाखो वारकऱ्यांचे तीर्थ आज पाण्याच्या आवर्तनावर चालते. उजनी काढावे, असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. सोलापूर जिल्ह्याची शेती आणि पिण्याचे पाणी त्यावर उभे आहे. मोठ्या धरणाबाबत प्रश्न किती पाणी कधी सोडायचे एवढाच राहतो. काढण्याचा प्रश्न लहान आणि निकामी बांधांपुरताच आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

माशाचा पक्ष

धाराशिव जिल्ह्यात भूमच्या परिसरात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींचे ते निर्वाणस्थान मानले जाते. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये येथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. ईटच्या पंचक्रोशीत अहिंसेचा विचार करताना या परंपरेला वगळून चालत नाही.

जैन तत्त्वज्ञानात पाणी स्वतःच जीव आहे. त्याला अप्काय म्हणतात आणि त्याला एक इंद्रिय असते. मासा पाच इंद्रियांचा जीव आहे. म्हणजे बंधारा बांधण्यात हिंसा आहे आणि काढण्यातही आहे. गृहस्थाला सर्व हिंसा टाळता येत नाही, हे ओळखून या परंपरेने संकल्पपूर्वक केलेली हिंसा आणि घरसंसार, उद्योग यांत अपरिहार्यपणे घडणारी हिंसा असा भेद केला. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांच्या यादीत तळी-सरोवरे आटवण्याचा व्यवसाय आहे. बंधारा काढणाऱ्यासाठी यातून सरळ मार्गदर्शन मिळते. साठा एकदम सोडला तर भिंतीमागच्या उरल्यासुरल्या पाण्यातले मासे चिखलात तडफडून मरतात आणि सुटलेला गाळ खालच्या पट्ट्यातल्या माशांच्या कल्ल्यांत बसतो. माशांसाठी केलेले काम अशा रीतीने माशांच्याच जिवावर उठते. पाणी हळूहळू उतरवणे, अडकलेले जीव आधी हलवणे, गाळ शेतात नेणे, ही केवळ तांत्रिक खबरदारी राहत नाही. हिंसा कमीत कमी करण्याचा तो धर्म आहे.

मासे राखण्याची लोकरीत महाराष्ट्रात जुनी आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहातले मासे देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना पकडत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेतल्या माशांना शिवाच्या देवळाचे असेच संरक्षण आहे. दोन्ही ठिकाणी मुख्य मासा महसीर आहे. या देवडोहांनी माशांना अभय दिले, पण त्यांची मर्यादाही ध्यानात घेण्यासारखी आहे. डोह राखला तरी वरखालचा प्रवाह तुटला, तर मासा त्या डोहात कैद होतो. अभयाला वाटेची जोड लागते.

मत्स्यावताराची कथा नेमके हेच सांगते. शतपथ ब्राह्मणात आणि महाभारताच्या वनपर्वात ती येते. मनूच्या ओंजळीत आलेला लहान मासा मोठ्या माशांपासून रक्षण मागतो. मनू त्याला घागरीत ठेवतो. तो वाढतो तसा त्याला मोठ्या पाण्यात हलवतो आणि शेवटी समुद्रात सोडतो. महाभारतातल्या कथेत मधे विहीर आणि गंगा हे टप्पेही आहेत. या कथेत रक्षण म्हणजे कोंडून ठेवणे नाही. प्रत्येक टप्प्यावर माशाला आणखी मोकळे पाणी द्यावे लागते, आणि मनूचे पुण्य त्या देण्यात आहे. प्रलयात नाव ओढून नेणारा मासा त्याच मोकळिकीत वाढलेला असतो. जीवसृष्टी आणि माणूस यांचे तारण एकमेकांत गुंतलेले असल्याचे ही कथा पुराणाच्या पद्धतीने सांगते.

माणसाचा पक्ष

माशाचा पक्ष मांडताना माणसांमधला न्याय नजरेआड होता कामा नये. बौद्ध परंपरेत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याची कथा आहे. नदीवर एकच बांध होता आणि दोन्ही काठांना त्याचे पाणी हवे होते. पाण्याचे मोल जास्त की माणसांच्या रक्ताचे, हा बुद्धाचा प्रश्न त्या प्रसंगातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा पाणीतंटाच सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी सिद्ध केलेले तत्त्वही पाण्याविषयीचे होते : सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे.

या विचाराने बंधाऱ्याच्या प्रश्नाला एक अट घातली जाते. बंधारा ‘निरुपयोगी’ आहे असे ठरवणारा कोण? ज्याच्या शेतात बोअर आहे त्याला गावओढ्यावरचा बांध निरुपयोगी वाटू शकतो. ज्या वस्तीची विहीर त्याच पाझरावर आहे, तिला तो जीव की प्राण असतो. सर्व भूतांना अर्पण केलेल्या पाण्याचा निर्णय काही भूतांनी परस्पर घेतला, तर तो उत्सर्ग ठरत नाही. म्हणून बंधारा काढण्याचा विषय सर्व वस्त्यांच्या, विशेषतः भूमिहीन आणि पशुपालक कुटुंबांच्या साक्षीने ग्रामसभेत तपासला गेला पाहिजे. कायद्यानेही असे बांधकाम मृद व जलसंधारण विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे असते आणि परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही.

नदीलाच व्यक्ती मानून तिला हक्क द्यावेत, असाही एक मार्ग पुढे आला आहे. न्यूझीलंडने २०१७ मध्ये कायदा करून व्हांगानुई नदीला असा दर्जा दिला. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्ती ठरवले. त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाला ही कल्पना ओळखीची वाटते. मात्र हक्काची भाषा स्वीकारली, तरी नदीच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न राहतोच, आणि तो पुन्हा माणसांमधल्या न्यायाकडेच येतो.

परत आणलेला ओढा खरा की नक्कल

एक तात्त्विक आक्षेप उरतो. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ मध्ये असा मुद्दा मांडला की माणसाने पूर्ववत केलेला निसर्ग हा उत्तम चित्राच्या नकलेसारखा असतो. हुबेहूब असला तरी मुळाचे मोल त्याला येत नाही, कारण त्याचा इतिहास वेगळा आहे. खाणीच्या खड्ड्यात पुन्हा लावलेल्या जंगलाबाबत हा आक्षेप जोरकस आहे. बंधारा काढण्याच्या बाबतीत तो तितका लागू पडत नाही. तेथे माणूस ओढा घडवत नाही. तो अडथळा हलवतो. वळणे, डोह, वाळूचे पट्टे पाणी स्वतः घडवते आणि मासे स्वतः चढतात. कर्तेपण सोडण्याचे हे कर्म आहे. फलाची आसक्ती आणि कर्तृत्वाचा अभिमान सोडून केलेल्या कर्माला गीतेने जे स्थान दिले आहे, त्याच्या जवळ जाणारे उदाहरण सार्वजनिक बांधकामांत क्वचितच मिळेल. भूमिपूजनाचा फलक लावता येतो. वाहत्या ओढ्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

ईटच्या मुलखासाठी निवाडा

वरील विचार एकत्र केला, तर भूम-ईटच्या मुलखासाठी क्रम असा लागतो. चालू स्थितीतला, पाझर देणारा बंधारा काढू नये. टंचाईच्या प्रदेशात तो पूर्तच आहे. गाळाने भरलेला पण भिंत शाबूत असलेला बंधारा आधी गाळ काढून वापरात आणावा. २०१७ पासून राबवलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हा गाळ शेतात नेण्याची सोय केलेली आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांधलेला पाणीमहालाचा बांध आजही उभा आहे आणि पुराचे पाणी नर-मादी धबधब्यांवाटे वाहून देतो. पाण्याला वाट ठेवून निगा राखली, तर बांध चारशे वर्षे टिकतो, असा दाखला याच जिल्ह्यात आहे.

त्यानंतर येतात दुरुस्तीपलीकडचे बंधारे : फुटके, बाजूने ओढ्याने वाट काढलेले, किंवा एकाच ओढ्यावर इतके जवळ बांधलेले की वरच्यामुळे खालचा भरतच नाही. यांच्याकडे दुर्लक्ष करणे हा मधला मार्ग नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. निगा न राखलेला बांध फुटायचा तेव्हा फुटतोच, आणि तेव्हा तो ना माणसाचा विचार करतो ना माशाचा. असे बंधारे उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना, गाळ आधी शेतात नेऊन, गावाच्या संमतीने उतरवावेत. त्यात शास्त्राच्या दृष्टीने पाप नाही, आणि पहिल्या पुरात चढणाऱ्या माशांच्या दृष्टीने ते पूर्त आहे.

जेथे पाणीही हवे आणि वाटही हवी, तेथे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा हा मराठी मुलखातच घडलेला तोडगा आहे. पावसाळा सरता ऑक्टोबरात त्याची दारे बसवायची आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधी काढायची, हा त्याचा नियम. पूर, गाळ आणि मासे पावसाळ्यात मोकळे जातात. सरतीचे पाणी रब्बीसाठी अडते. म्हणजे हा बंधारा दरवर्षी थोडा बांधला जातो आणि थोडा काढला जातो. वेळेवर दारे न काढणे, ती गंजू देणे किंवा चोरीला जाऊ देणे यामुळे अनेक ठिकाणी तो नुसता अडथळा झाला आहे. दोष रचनेचा नाही, निगेचा आहे.

बांधणे आणि काढणे यांत धर्म-अधर्माची कायमची वाटणी करता येत नाही. अडवलेले पाणी आज कोणत्या जीवांपर्यंत पोचते, हा एकच प्रश्न दोन्ही कर्मांना लागू आहे. उत्तर देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे तितकीच काढणाऱ्यावर, आणि दोन्ही न करता बंधारा पडू देणाऱ्यावर सर्वांत जास्त.